ठिपके मावळतात तेव्हा

(समुद्री मासे पाळणाऱ्यांसाठी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नवा मासा घेताना आपण काय बघतो? अंगावर पांढरे ठिपके नाहीत ना, पर फाटलेले नाहीत ना, समोर टाकलेलं खातोय ना. दुकानात उभ्या उभ्या तेवढंच बघता येतं आणि तेवढं बघावंच. पण अंग स्वच्छ दिसलं म्हणून मासा निरोगी ठरत नाही. ज्या परजीवींशी आपली गाठ आहे, त्यांच्या आयुष्यातला बराच काळ माशाच्या अंगावर जातच नाही.

क्रिप्टोकॅरिऑन इरिटान्स, म्हणजे ज्याला आपण मरीन इक म्हणतो, तोच घ्या. हा एकपेशीय जीव माशाच्या कातडीच्या वरच्या थराखाली शिरतो आणि तिथे साधारण 3 ते 7 दिवस पेशी खाऊन फुगतो. तो पुरेसा फुगला की आपल्याला ठिपका दिसतो. मग तो मासा सोडतो, खाली उतरतो, दगडाला, वाळूला, काचेला चिकटतो आणि स्वतःभोवती कवच बनवून आत विभागत राहतो. एका कवचातून दोनशेहून अधिक नवे जीव बाहेर पडू शकतात. त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ते मरतात. पण सापडतोच. कारण मासा सोडणं आणि कवच फुटणं, दोन्ही बहुतेक काळोखात, पहाटेच्या सुमाराला होतं. त्या वेळी आपला टँग मासा खडकाच्या खोबणीत न हलता झोपलेला असतो.

म्हणून ठिपके मावळतात त्या दिवशी घरात जो आनंद होतो, त्याची मला काळजी वाटते. कुणी लसणाचा रस खाण्यात मिसळलेला असतो, कुणी पाण्याचं तापमान वाढवलेलं असतं. ठिपके गेले की श्रेय त्या उपायाला. खरं तर परजीवी ठरलेल्या वेळी उतरून गेलेला असतो आणि काही दिवसांनी कैक पटींनी परत येणार असतो. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमधून किंवा कुर्ल्याहून आणलेला मासा आठवडाभर ‘बघून’ मुख्य टाकीत सोडणाऱ्यांची नेमकी इथे फसगत होते. त्यात दुकानात आधीच हलक्या प्रमाणात औषध घातलेलं असेल, तर रोग तेवढा काळ दबून राहतो.

औषधही याच वेळापत्रकाला बांधलेलं आहे. कॉपर, म्हणजे पाण्यात विरघळवलेलं तांबं, हे त्यावरचं नेहमीचं औषध. ते कातडीखालच्या जीवापर्यंत पोचत नाही, कवचाच्या आतही जात नाही. ते मारतं फक्त पाण्यात पोहत मासा शोधणाऱ्या जीवाला. म्हणजे प्रत्येक परजीवी त्या अवस्थेत येईपर्यंत पाण्यात कॉपर पुरेसं हवं, एकही दिवस कमी पडता कामा नये. मी 30 दिवस धरतो. मोरचुदापासून बनवलेल्या साध्या कॉपरसाठी पातळी लिटरला 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम, बांधीव कॉपरच्या (ज्यात तांबं दुसऱ्या द्रव्याशी जोडलेलं असतं) तयार औषधांची पातळी वेगळी असते, काहींची 2 ते 2.5 मिलिग्रॅम. बाटलीवरचा आकडा आणि त्याच कॉपरला चालणारा टेस्ट किट, दोन्ही सोबत घ्या. शेतीच्या दुकानातला मोरचूद टाकीत घालू नका. त्यात आणखी काय आहे ते आपल्याला कळत नाही.

नाशिककडचे द्राक्षबागायतदार फवारणीच्या बोर्डो मिश्रणात मोरचुदाच्या द्रावणात चुना मिसळतात, तेव्हा तांबं द्रावणातून सुटून बारीक कणांच्या रूपात येतं. क्वारंटाइन टाकीत, म्हणजे मासा वेगळा ठेवून उपचार करायच्या टाकीत, प्रवाळाचा दगड, शिंपल्यांचा चुरा किंवा वाळू ठेवली तर चुन्याचे ते पदार्थ असंच तांबं पाण्यातून ओढून घेतात. संध्याकाळी बरोबर असलेली पातळी सकाळी उतरलेली दिसते. म्हणून ही टाकी उघडी-बोडकी हवी: हीटर, एअर पंप, आधीपासून जिवाणू बसवलेला स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. अमोनिया रोज मोजा. तो वाढला तर पाणी बदला आणि नव्या पाण्यात त्याच पातळीचं कॉपर आधी मिसळून घ्या. अमोनिया बांधणारी काही द्रव्यं कॉपरसोबत घातली तर कॉपर माशालाच विषारी होतं.

डोससाठी लिटर मोजताना घाई नको. 60 बाय 30 बाय 30 सेंटिमीटरची टाकी 54 लिटरची म्हणून विकली जाते. पाणी 25 सेंटिमीटर भरलं तर ते 45 लिटरच भरतं, काचेची जाडी वजा केली की आणखी कमी. कॉपरऐवजी वापरलं जाणारं दुसरं औषध, क्लोरोक्विन फॉस्फेट, लिटरला 10 मिलिग्रॅम द्यायचं असेल तर हा फरक किरकोळ नाही. हे औषध मुलांच्या हाती लागणार नाही अशा कुलपात ठेवा. टाकीसाठीचं क्लोरोक्विन पोटात गेल्यामुळे 2020 मध्ये अमेरिकेत एका माणसाचा जीव गेला आहे.

कॉपर न सोसणारे मासेही असतात, बुटके एंजल आणि काही रॅस. त्यांच्यासाठी मला टाकी बदलण्याची पद्धत सर्वांत आवडते. संशोधक कोलोर्नी यांनी 1987 मध्ये ती मांडली. दर तिसऱ्या दिवशी मासा पूर्ण वाळवलेल्या, स्वच्छ टाकीत हलवायचा, असं चार वेळा. जो परजीवी उतरून काचेला चिकटला तो मागेच राहतो, फुटायच्या आत मासा निघून गेलेला असतो. रिकामी टाकी धुऊन खडखडीत वाळवली की कवचं मरतात. औषधाचा थेंबही लागत नाही, फक्त कामात शिस्त लागते. दोन टाक्यांमध्ये जाळी, बादली, हात सामायिक झाले तर सगळं वाया.

ही पद्धत वेल्वेट या दुसऱ्या परजीवी रोगाला मात्र चालत नाही. त्याच्या परजीवीचं, अमायलोऊडिनियमचं, चक्र उबदार पाण्यात आठवड्याच्या आतच पुरं होतं आणि एकाचे 256 होतात. तो आधी कल्ल्यांवर बसतो, त्यामुळे अंगावर पिठासारखी धूळ दिसेपर्यंत मासा वाचवणं कठीण झालेलं असतं. माशाचे कल्ले भराभर हलतायत, तो पंपाच्या झोतात तोंड खुपसून उभा आहे, उजेडापासून पळतोय, तर त्याच दिवशी कॉपर किंवा क्लोरोक्विन सुरू करा. याचे जीव हवेतल्या तुषारांवरूनही जातात. वाहत्या हवेत ते 3 मीटरपर्यंत पोचल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. क्वारंटाइन टाकी मुख्य टाकीशेजारी, छताच्या पंख्याखाली ठेवणाऱ्यांनी जागा बदलावी.

क्लाउनफिशच्या अंगावरून चिकट पांढरट बुरशीसारखे पदर सुटू लागले तर तो ब्रुकलिनेला नावाचा आणखी एक परजीवी. त्यावर कॉपर लागू पडत नाही, फॉर्मॅलिन लागतं. आणि फ्लूक नावाचे चपटे कृमी पारदर्शक असतात, म्हणून नजरेतून सुटतात. तापमान आणि पीएच जुळवलेल्या गोड्या पाण्यात मासा पाचेक मिनिटं ठेवा, तळाशी तिळाएवढे पांढुरके ठिपके पडलेले दिसतील. त्यावर प्राझिक्वान्टेल हे कृमिनाशक. ते अंड्यांवर चालत नाही, म्हणून अंडी फुटल्यावर, म्हणजे पहिल्या डोसनंतर आठवडाभराने, दुसरा डोस द्यावाच लागतो.

आता ज्यांच्या मुख्य टाकीत इक आधीच शिरलाय त्यांच्यासाठी. तिथे कॉपर घालू नका, प्रवाळ आणि कोळंबी मरतील. सगळे मासे बाहेर काढा, त्यांच्यावर वेगळा उपचार करा आणि टाकी माशांविना चालू ठेवा. कवचं बहुधा 3 ते 28 दिवसांत फुटतात, पण 72 दिवसांनी फुटल्याचीही नोंद आहे. म्हणून 76 दिवस थांबायचं. प्रवाळ, गोगलगायी, कोळंबी तिथे खुशाल राहू शकतात. नवीन प्रवाळाच्या बुडालाही कवच चिकटलेलं असू शकतं, तेव्हा माशांशिवायचा तेवढाच काळ त्यालाही द्या.