हिशोबाची वही

नमस्कार श्रोतेहो.

माया या शब्दाची आपल्या भाषेत एक गंमत आहे. माया म्हणजे जिव्हाळा, आणि माया म्हणजे गाठीला बांधलेला पैसाही. पैशाची माया जमवावी लागते, ते ठीकच. पण काही घरांत ती दुसरी मायाही कमवावीच लागते. पहिला नंबर आला तर जवळ घेणार, नाही आला तर दोन दिवस अबोला. अशा घरात वाढला असाल तर पुढचं तुम्हाला सांगायला नको.

आता माझी गोष्ट. घरच्यांना ती पाठ झाली आहे, आज तुमची पाळी.

बत्तिसाव्या वर्षी जिन्यावरून पडून मी पाय मोडून घेतला. मावशी म्हणाली, माझ्याकडे ये. दीड महिना पाय प्लास्टरमध्ये. तेवढे दिवस माझ्या उशाखाली एक छोटी वही असायची. डावीकडे मावशीनं माझ्यासाठी केलेलं, उजवीकडे मी फेडलेलं. डावीकडे, ‘केस धुऊन दिले. रात्री दोनदा उठली.’ उजवीकडे, ‘कपड्यांच्या घड्या. तीन बटणं लावली. सुईत दोरा ओवून दिला.’ डावी बाजू रोज वाढत होती आणि माझा जीव रोज वरखाली.

उशीचा अभ्रा बदलताना वही मावशीच्या हाती लागली. चष्मा कपाळावर सरकवून तिनं उभ्या उभ्या वाचली. मला वाटलं, आता हिला वाईट वाटणार. ती म्हणाली, “हे दोनदा चुकलंय गं. तीनदा उठले होते मी.” आणि ते पान टरकन फाडलं, चौघडी केली आणि डगमगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. (हल्लीची टेबलं तर नवी असतानाच डुगडुगतात. सुतारानं चारही पाय जमिनीवर टेकवून बघायचे असतात, हे कोणी शिकवतच नाही का? असो.)

मला गहिवर वगैरे काही आला नाही, श्रोतेहो. मला राग आला. हिशोबच नाही, तर मी अजून किती दिवस इथे चालते हे मला कळणार कसं? रात्री कुबडी घेऊन मी तो कागद ओढून काढला. सकाळी टेबल कललं, तांब्या लवंडला, पाणी थेट अंथरुणापर्यंत. मावशीनं ते पुसलं, हात पुढे केला आणि म्हणाली, “कागद.” मी दिला. तिनं तो परत पायाखाली घातला.

त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत वाट बघितली. कशाची? अबोल्याची. मला अबोल्याची वेळ बरोबर ठाऊक असायची. तो आलाच नाही. पुन्हा सांगते, अबोला आलाच नाही.

वेळ संपत आली, तेव्हा शास्त्र थोडक्यात. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1957 साली लिहिलं की समुपदेशनानं माणूस बदलायचा तर सहा अटी लागतात. त्यातली एक अट, समोरच्याचा विनाअट स्वीकार! अट घालून विनाअट, मला याचं फार हसू येतं. आणि 2004 साली असोर, रॉथ आणि डेसी या संशोधकांना विद्यार्थ्यांमध्ये असं आढळलं, की ज्यांच्या आईवडिलांचं प्रेम अटीवर होतं ती मुलं सांगितलेलं करतात खरी, पण आतल्या धाकापोटी. यश मिळालं तर आनंद चार घटका टिकतो, आणि आईवडिलांबद्दल अढी बसते ती बसतेच. ‘शहाणं बाळ’ हा शब्द म्हणूनच मला सोसत नाही.

विनाअट म्हणजे काहीही खपवून घेणं नव्हे. मावशी मला ओल्या टॉवेलवरून रोज बोलायची. बोलणं टॉवेलवर थांबायचं, माझ्यावर यायचं नाही, एवढंच.

सवय मोडायला मला वर्षं लागली. आधी लहानसं काही मागायचं आणि त्याची फेड करायची नाही. नुसतं बसून राहायचं. सुरुवातीला हाताला अक्षरशः खाज सुटते. मग कधीतरी ‘नाही’ म्हणून बघायचं, आणि अबोला येतो का ते पाहायचं. काही माणसांकडून येतो. तेही कळलेलं बरं.

परवा मावशीकडे गेले होते. टेबल अजून तेच आहे. कागद मात्र दबून दबून पार पातळ झालाय. म्हणाली, “त्या वहीतलं आणखी एक पान आण.”