हे, ही आणि धीज

श्रोतेहो, नमस्कार.

परवा चप्पल लाइनीत ओळखीच्या एका दुकानात बसलो होतो. अंबाबाईचं दर्शन घेऊन एक परदेशी बाई आत आल्या. दुकानातल्या पोरानं एक जोड काढून समोर धरला. बाईंनी विचारलं, "हाऊ मच आर धीज?" पोरानं शाळेत पाठ केलेलं, धीज म्हणजे पुष्कळ. त्यानं लगबगीनं वरच्या फळीवरचे आणखी तीन जोड खाली काढले. बाई गोंधळल्या. मग तोच पहिला जोड उचलून म्हणाल्या, "नो, धीज."

चूक पोराची नव्हती. एकाला धिस, अनेकांना धीज, एवढंच आम्ही मास्तर लोक फळ्यावर लिहीत आलो. खरी अडचण आपल्या मराठीत बघा. 'हे घर' म्हटलं तर घर एक. 'हे आंबे' म्हटलं तर आंबे अनेक. पण 'हे' तेच! 'ही वही' एक, 'ही पुस्तकं' अनेक, आणि 'ही' पुन्हा तीच. म्हणजे नुसतं 'हे' किंवा 'ही' ऐकून संख्या कळत नाही, ती पुढच्या नामावरून कळते. इंग्रजीला तसं चालत नाही. तिथं लिंगाची कटकट नाही, पण नाम तोंडात यायच्या आधीच एक की अनेक ते ठरवावं लागतं. आपल्या जिभेला ती सवय नाही, म्हणून चांगली शिकलेली माणसंसुद्धा 'धिस पीपल' म्हणून जातात.

बरं, मोजायचं ते इंग्रजीच्या हिशेबानं. आपला चष्मा एक, कात्री एक, विजार एक. इंग्रजीला मात्र दोन भिंगं, दोन पाती, दोन पाय दिसतात. म्हणून धीज ग्लासेस, धीज सिझर्स, धीज ट्राउझर्स. उलट आपले केस आणि पैसे अनेकवचनी, पण तिथं धिस हेअर, धिस मनी. बातम्या दहा असल्या तरी धिस न्यूज. मार्केट यार्डात गुळाकडे बोट दाखवलं तर धिस जॅगरी, आणि ढेपा मोजायला लागलात की धीज ब्लॉक्स. दॅट आणि दोजचंही असंच, फक्त वस्तू लांबची.

एक चूक मात्र मला फार जिव्हाळ्याची वाटते. पालकसभेला एका मुलानं वडिलांची ओळख करून दिली, "धीज आर माय फादर." वर्ग हसला. मी त्या मुलाच्या पाठीवर हात ठेवला. 'हे माझे वडील' हे आदरार्थी बहुवचन त्यानं जसंच्या तसं इंग्रजीत नेलं होतं. घरचं वळण होतं ते! इंग्रजीत तिथं 'धिस इज माय फादर' असंच म्हणतात, आणि त्यानं वडिलांचा मान तसूभरही कमी होत नाही.

तर चप्पल लाइनीतला तो पोरगा. बाई गेल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाला, "सर, एकच जोड दाखवायचा आसंल तर काय म्हणायचं?" म्हटलं, "पायात दोन चपला, म्हणून धीज. पण पेअर शब्द घेतलास तर जोड एकच, मग धिस पेअर." तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं. पोरानं एक जोड उचलला, माझ्याकडं एकदा बघितलं आणि सावकाश म्हणाला, "धीज, सर. धिस पेअर."