मालक नक्की कोण?

सोलापुरात रिक्षात बसून नुसतं 'जुनी मिल' म्हणा, पुढचा पत्ता सांगावा लागत नाही. १८७७ ची मिल, मुंबईच्या मोरारजी गोकुळदासांनी काढलेली. भोंगा शेठचा, नफा शेठचा, घाम आपला. पुढं गावातली दुसरी, नरसिंग गिरजी मिल सरकारकडं गेली, म्हणजे कागदावर तुमची-आमची, पण कामगाराला विचारलं तर शेठ गेला आणि साहेब आला, एवढाच फरक. भोंगे दोन्हीकडचे बंदच पडले.

आता मालकीचा तिसरा प्रकार, सहकार. १८४४ साली इंग्लंडात रॉचडेल नावाच्या गावात आपल्यासारख्याच विणकरांनी वर्गणी काढून किराणा दुकान टाकलं, आणि तिथला नियम साधा होता, पैसे कितीही घाला, मत एकच. कंपनीत हजार शेअर म्हणजे हजार मतं, इथं माणशी एक, बास.

हाच नियम आपल्या साखर कारखान्यांतही आहे, दोन एकरवाला आणि पन्नास एकरवाला सभासद मताला सारखेच. पण वार्षिक सभेला एकदा जाऊन बघा. मांडवात खुर्च्या, माईकवर कोणीतरी विषय वाचतंय, अर्धा वाचून व्हायच्या आत मागून 'मंजूर, मंजूर!', आणि अहवाल उघडायच्या आधी लोक जेवणाकडं. मालक असा असतोय का कुठं? असो.

सोलापूरजवळच्या कुंभारीला मात्र जायला पाहिजे. गोदूताई परुळेकर विडी कामगार वसाहत, दहा हजार घरं, सहकारी संस्था कामगारांची, २००६ ला तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आलेले. लाल बावट्याच्या लोकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले आणि सरकारी पैसा मिळवला, पण घर सरकारच्या मालकीचं ठेवलं नाही, बाईच्या नावावर केलं. आता हा कम्युनिझम म्हणायचा की सहकार की खाजगी मालमत्ता, पुस्तकवाल्यांनी ठरवावं.

दारात बसलेल्या मावशींच्या मांडीवर सूप, त्यात तेंदूपान, तंबाखू, दोरा. पान कापायचं, वळायचं, तोंड दुमडायचं, बोलता बोलता चाललेलं असतंय. मजुरी हजार विड्यांवर. संध्याकाळी माल कारखानदाराच्या ब्रँचला द्यायचा, तिथं विड्या मोजतात, न आवडलेल्या छाटून बाजूला टाकतात, त्याचे पैसे नाहीत.

मागची भिंत मावशींची, उंबरा मावशींचा. सुपातली विडी अजून कारखानदाराची.