शंभर मायक्रोफोन आणि न कळणारी भाषा

मित्रहो, मायक्रोफोन आवाज आत घेतो. मुंबईच्या कलाकार शिल्पा गुप्ता यांनी शंभर मायक्रोफोनांची जोडणी उलटी केली आणि ते बोलू लागले. ‘फॉर, इन युअर टंग, आय कॅनॉट फिट’ हे त्या मांडणशिल्पाचं नाव. अंधारलेल्या दालनात मायक्रोफोन वरून लोंबताहेत. प्रत्येकाखाली धातूची अणकुचीदार सळई, आणि त्या सळईत आरपार टोचलेला कागद. कागदावर एका कवीच्या ओळी. आठव्या शतकापासून आजपर्यंत, लिहिल्याबद्दल किंवा राजकीय भूमिकेबद्दल तुरुंगात टाकलेले असे शंभर कवी. २०१८ साली कोचीच्या बिनाले या कलाप्रदर्शनात आणि २०१९ साली व्हेनिसमध्ये हे काम दाखवलं गेलं.

एक मायक्रोफोन ओळ म्हणतो आणि कीर्तनात टाळकऱ्यांनी धरावी तशी बाकीचे ती उचलून धरतात. अरबी, रशियन, अझेरी, स्पॅनिश, इंग्रजी, हिंदी. यातल्या बहुतेक भाषा तुम्हाआम्हाला येत नाहीत. आवाज कुठून आला म्हणून आपण वळतो, तोवर तो भलतीकडे उमटलेला असतो. मला हे काम थोर वाटतं ते इथे. कैदेतल्या कवीबद्दल हळहळ वाटायला लावणं तसं सोपं आहे. इथे मात्र ज्याला समोरच्याची भाषा कळत नाही, असा माणूस प्रेक्षकालाच व्हावं लागतं. निर्वासित माणूस परक्या देशाच्या चौकीवर पहिल्या दिवशी याच अवस्थेत उभा असतो.

त्यांचंच आणखी एक काम आहे, हाताने गुंडाळलेला दोऱ्याचा एक गोळा. भारत-पाकिस्तान सीमेवरच्या सुमारे १,९०० किलोमीटर कुंपणाचं ते प्रमाणात केलेलं माप. दोऱ्याच्या एका भागामागे कुंपणाचे १४.९ भाग. सीमा काचेच्या पेटीत मावते. पण गोळ्यातला दोरा १२० किलोमीटरांहून लांब आहे, आणि तो कुणीतरी हातांनी गुंडाळला आहे. मला नकाशापेक्षा हे माप जास्त खरं वाटतं.

आता नलिनी मलानी. जन्म १९४६, कराची. फाळणीत कुटुंब इकडे आलं. मे १९९८ मध्ये आधी भारताने आणि मग पाकिस्तानने अणुचाचण्या केल्या, त्यानंतर त्यांनी ‘रिमेंबरिंग टोबा टेक सिंग’ हे मांडणशिल्प केलं आणि ते मुंबईतल्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मांडलं. जमिनीवर पत्र्याच्या ट्रंका, त्यांत गोधड्या, गोधड्यांमध्ये व्हिडिओचे पडदे. समोरासमोरच्या भिंतींवर दोन बायका, एक इकडची, एक तिकडची, मधल्या मोकळ्या जागेपलीकडून एकच साडी घडी करू पाहतात. मधल्या भिंतीवर अणुस्फोट.

मुंबईच्या प्रेक्षकाला या ट्रंका नव्या नव्हत्या. कल्याणच्या लष्करी छावणीत उतरलेल्या सिंधी कुटुंबांचं पुढे उल्हासनगर झालं; तिथे अशा ट्रंका कितीतरी घरांत खाटेखाली होत्या. ‘टोबा टेक सिंग’ ही मंटोची फाळणीवरची कथा; तिच्यातला वेड्यांच्या इस्पितळातला बिशनसिंग ज्या बोलीत बोलतो, ती कुठल्याच भाषेत बसत नाही. वेड्यांचीही वाटणी होते आणि हा माणूस दोन कुंपणांच्या मधल्या, कुणाच्याच नसलेल्या जमिनीवर कोसळतो. मलानींनी हीच कथा निवडली, ती विचारपूर्वक. अणुबॉम्बची भाषा दोन्ही सरकारांना अगदी स्वच्छ कळत होती.

काही जण विचारतात, हे सगळं कवितेत सांगता आलं नसतं का? कलाकार मोना हातूम यांचं काम पाहा. आईवडील हैफाचे पॅलेस्टिनी, जन्म बैरुतचा. १९७५ साली त्या लंडनला गेल्या, लेबनॉनमध्ये युद्ध पेटलं आणि परतीची वाट बंद झाली. १९८८ च्या त्यांच्या व्हिडिओत आईची पत्रं अरबी अक्षरांत पडदाभर पसरतात, काटेरी तारेसारखी, आणि त्यांच्या मागे आईचं छायाचित्र दिसतं. मुलगी तीच पत्रं इंग्रजीत वाचते; त्याच वेळी मायलेकींच्या अरबी गप्पा आणि हसणं ऐकू येत राहतं. इंग्रजी ऐकावं तर गप्पा निसटतात, गप्पांकडे कान द्यावा तर पत्र. कागदावर या दोन्ही गोष्टी एकीखाली एक लिहाव्या लागल्या असत्या, आणि वाचकाला दोन्ही मिळाल्या असत्या.