बेल रॉक : ओहोटीच्या हिशेबानं बांधलेलं दीपगृह

मंडळी, बेल रॉक दीपगृहाची उंची सुमारे ३५ मीटर. आकडा काही छाती दडपवणारा नाही. खरी गोष्ट आहे ती वेळेची. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या अरब्रोथ बंदरापासून साधारण १८ किलोमीटर आत समुद्रात बेल रॉक नावाचा हा खडक. भरतीला त्यावर बारा-एक फूट पाणी. उधाणाच्या ओहोटीला तो जेमतेम दोन-तीन तास उघडा पडतो. पायाचं सगळं खोदकाम तेवढ्यात उरकायचं.

१८०४ मध्ये ‘यॉर्क’ ही युद्धनौका सगळ्या माणसांसह बेपत्ता झाली. ती याच खडकावर आपटली, असं मानलं गेलं आणि १८०६ मध्ये संसदेनं कायदा केला. मुख्य अभियंता जॉन रेनी, प्रत्यक्ष खडकावर रॉबर्ट स्टीव्हन्सन. श्रेयावरून पुढे दोन्ही घराण्यांत जे वाजलं, त्यात मी शिरत नाही.

ऑगस्ट १८०७ मध्ये काम सुरू झालं, पण त्या हंगामात दीपगृहाचा एकही दगड बसला नाही. आधी माणसांना आसरा देणारा लाकडी मनोरा उभारायचा होता. टिकाव भराभर बोथट व्हायचे, म्हणून भट्टी खडकावरच मांडलेली. पाणी चढू लागलं की लोहार गुडघाभर पाण्यात उभा, वरून धुराचे लोट. पाणी निखाऱ्यांपर्यंत पोचलं की भट्टी विझली. २ सप्टेंबरला माणसांसाठी जवळच नांगरलेलं जहाज सुटून वाहत गेलं. खडकावर ३२ माणसं, होड्या दोनच आणि पाणी चढतंय. टपाल घेऊन आलेल्या एका होडीमुळे ती वाचली. मनोऱ्याची घाई कशाला, असं त्यानंतर कोणी विचारलं नसेल!

आता दगडांकडे येऊ. बाहेरून ग्रॅनाइट, आतून वालुकाश्म, एकूण २,८०० हून अधिक दगड. प्रत्येक थर आधी अरब्रोथच्या आवारात कोरडाच जुळवून पाहायचे, दगडांवर खुणा करायचे आणि मग जहाजावर चढवायचे. एक टनाचा ग्रॅनाइट पाण्याखाली सहाशे-सव्वासहाशे किलोच भरतो, त्यामुळे लाट त्याला सहज हलवू शकते. चुना घट्ट व्हायच्या आत भरती येणार, तेव्हा नुसत्या चुन्यावर भिस्त ठेवून भागणार नव्हतं. म्हणून दगडांच्या कडा डव्हटेल सांध्यासारख्या एकमेकींत अडकतील अशा घडवल्या, दगडाला भोकं पाडून ओकच्या खुंट्या खालच्या थरात ठोकल्या आणि फटींत पाचरी मारल्या. चुन्यात ज्वालामुखीची राख, म्हणजे पोझोलाना, मिसळलेली होती. तो पाण्याखालीही घट्ट होतो.

तळाचा व्यास ४२ फूट. खालचे सुमारे ३० फूट भरीव, त्यात खोली नाही की जिना नाही. दार त्याच्यावर, आत जायचं तर दोराच्या शिडीनं.

१ फेब्रुवारी १८११ रोजी दिवा लागला. दिवा म्हणजे तेलाचे २४ दिवे, प्रत्येकामागे चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा परावर्तक. सगळी चौकट घड्याळासारख्या यंत्रानं फिरायची. काही दिव्यांपुढे लाल काच असल्यानं एकदा पांढरा, एकदा लाल प्रकाश दिसे. नाखव्याला दुसऱ्या दीपगृहापासून हे ओळखता येण्याची सोय होती ती हीच. धुक्यात त्याच यंत्रावर घंटा वाजत.

१९८८ मध्ये रखवालदार उतरले, दिवा स्वयंचलित झाला. बांधकाम मात्र १८१० चंच आहे. १८१३ पासून किनाऱ्यावर अरब्रोथला एक संकेत-मनोरा होता. रोज सकाळी दीपगृहावर तांब्याचा गोळा वर चढला की तिथल्या माणसांना कळायचं, खडकावर सगळं ठीक आहे.