पावती खरी कशावरून?

(दृश्य: सातपुड्याचा पायथा, यावल तालुका. रात्र. केळीच्या बागेत बॅटरीचा उजेड, लांबून मोटारीचा आवाज.)

रात्रीची लाइट आली की इथली माणसं उठून मोटार चालू करायला जातात. या घरात मात्र एक जण आधीपासूनच जागा आहे. रात्री मोबाइलचं नेट बरं चालतं, म्हणून.

तो बिटकॉइनचा क्लायंट लिहितोय. खरेदी-विक्रीचं ॲप नव्हे, आणि दामदुपटीची योजना तर नव्हेच. गावोगाव त्या नावानं जे खपवतात, त्याचा इथं संबंध नाही. हा छोटा प्रोग्रॅम जगभरातल्या संगणकांशी थेट बोलतो आणि पैसे आले की नाही, ते स्वतः तपासतो.

वडिलांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "वही कोनाकडे ऱ्हाते रे भो?"

केळीवाल्याचा प्रश्न. माल गाडीत जातो, हातात चिठ्ठी येते, वही व्यापाऱ्याकडे. बिटकॉइनची वही हवी त्याला ठेवता येते, पण ती 500 जीबीहून मोठी झाली आहे. पोराचा रिचार्ज दिवसाला दीड जीबीचा. नुसती उतरवून घ्यायलाच वर्ष जायचं.

(दृश्य: जुना लॅपटॉप, काळ्या पडद्यावर पळणारे आकडे.)

यावरची तोड ऑक्टोबर 2008 च्या मूळ निबंधातच आहे. सातोशी नाकामोतो या नावानं तो प्रसिद्ध झाला. पानं ठेवू नका, पानांचे मथळे ठेवा. ब्लॉक म्हणजे वहीचं एक पान; त्याचा मथळा, म्हणजे हेडर, बरोबर 80 बाइटचा. त्यात आधीच्या हेडरचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला अंगठ्याच्या ठशासारखा आकडा असतो, आणि ब्लॉकमधल्या सगळ्या व्यवहारांचा मिळून एक हॅश, मर्कल रूट. 9 लाख ब्लॉक धरले तरी सगळे हेडर 72 एमबी. लग्नातली एखादी क्लिप याहून जड असते.

समोरच्या संगणकाशी 8333 या पोर्टवर जोडायचं आणि आधी राम राम घालायचा. आपण 'व्हर्जन' पाठवतो, तो त्याचं 'व्हर्जन' आणि 'व्हेरॅक', म्हणजे पोच, पाठवतो. मग हेडर मागायचे. एका खेपेला जास्तीत जास्त 2000 मिळतात, म्हणजे साडेचारशे खेपा. राम राम चुकला तर समोरचा कारण सांगत नाही, सरळ फोन ठेवतो.

इथंच चार रात्री गेल्या. या बोलीत बहुतेक आकडे उलटे, शेवटची बाइट आधी, असे लिहितात; संगणकाच्या पत्त्यातला पोर्ट नंबर तेवढा सुलटा. हॅशचंही तसंच. ब्लॉकच्या हॅशमध्ये पडद्यावर सुरुवातीला दिसणारी शून्यं हिशेबात शेवटी निघतात. पोराचा प्रोग्रॅम त्यामुळे 3 जानेवारी 2009 चा पहिलाच ब्लॉक खोटा ठरवत होता! स्वतःवरच हसला तो.

आता पावती. ब्लॉकमध्ये 2000 व्यवहार असले, तरी आपला त्यात आहे हे पटवायला 11 हॅश पुरतात. आपल्या व्यवहाराचा हॅश शेजारच्याशी जोडायचा, त्या जोडीचा पुढच्याशी. अकराव्या पायरीला मर्कल रूट आलं, तर पावती खरी.

आणि समोरच्यानं ती दाखवलीच नाही तर? तो खोटी पावती बनवू शकत नाही, पण लपवू शकतो. म्हणून एकाच्या भरवशावर राहायचं नाही, आठ-दहा जणांशी जोडून ठेवायचं. भाव कळायला आपण बऱ्हाणपूरलाही फोन करतो आणि रावेरलाही, तसंच. आणखी एक. आधी आपल्याला हवे ते व्यवहार निवडायला ब्लूम फिल्टर, म्हणजे एक चाळणी, समोरच्याला पाठवायची; तीतून आपले पत्ते, म्हणजे पैसे येण्याचे खाते नंबरासारखे आकडे, त्याला कळायचे. बिटकॉइन कोर या बिटकॉइनच्या मुख्य प्रोग्रॅमनं 2019 मध्ये ती सेवा आपसूक चालू ठेवणं थांबवलं. आता ब्लॉकचा छोटा फिल्टरच मागवून घरी जुळवता येतो. पोरानं तोच रस्ता धरला.

(दृश्य: पहाट. ओसरीवर चहा.)

टेस्टनेटवर पहिला व्यवहार पोचला, पावती जुळली. वडिलांनी वाकून बघितलं.

"याच्यात युरियाची गोणी येईन का?"

"नाही बाबा. हे सरावाचे पैसे. किंमत शून्य."

"मंग झोप आता," म्हणत ते मोटार बंद करायला निघाले.