आधी मनगट

(दृश्य: पहाट. शिवाजी पुलावरून सायरन वाजवत येणारी १०८.)

शाहूवाडी, पन्हाळ्याचा पेशंट या पुलावरून कोल्हापुरात शिरतो. गडहिंग्लज, चंदगडचा हायवेनं येतो. ईसीजीच्या आलेखातला एसटी नावाचा भाग वर चढलेला आहे, म्हणजे हृदयाची एक मोठी रक्तवाहिनी गुठळीनं बंद झाली आहे. अँजिओप्लास्टीची, म्हणजे बलूननं रक्तवाहिनी उघडण्याची, सोय असलेल्या दवाखान्यात पाऊल टाकल्यापासून ती उघडायला तासाभराचीच मुदत. या तासात एक गोष्ट ठरवावी लागते: हृदयापर्यंत वायर घालायची कुठून, मनगटातून की जांघेतून?

(दृश्य: औषधांचा ट्रे.)

हा ट्रे नीट बघा. चावून खायला ॲस्पिरिन ३२५ मिलिग्रॅम. सोबत टिकाग्रेलॉर १८० किंवा क्लोपिडोग्रेल ६०० मिलिग्रॅम. वर हेपरिन, किलोमागे ७० ते १०० युनिट. लांबच्या पेशंटला तालुक्यालाच टेनेक्टेप्लेज दिलेलं असेल, तर गुठळी विरघळवणारं औषधही अंगात आहे. रक्त गोठू नये याची सगळी व्यवस्था आपणच केली, आणि आता त्याच माणसाच्या धमनीला भोक पाडायचं आहे.

मनगटातली धमनी कातडीला लागूनच, खाली हाड. रक्त आलं की लगेच दिसतं आणि दाबलं की थांबतं. जांघेतली धमनी जाड आणि खोल. सुई जरा वर लागली तर रक्त पोटामागच्या पोकळीत उतरतं. बाहेर सूज नाही, डाग नाही. बीपी घसरतं, कंबर दुखते, चेहरा पांढरा पडतो, आणि तोवर बरंच रक्त गेलेलं असतं.

(दृश्य: मनगट, अगदी जवळून.)

“मामा, हात सैल सोडा. मूठ आवळू नका.”

तळवा वर, मनगटाखाली कापडाची गुंडाळी, म्हणजे नाडी वर येते. त्याच वेळी जांघही साफ करून ठेवायची. मनगटातून जायचं पक्कं असलं तरी ही तयारी सोडायची नाही. भुलेचं औषध एखादा मिलिलिटर पुरे. जास्त घातलं तर फुगवट्याखाली नाडीच हाताला लागत नाही. मनगटाच्या सांध्यापासून दोन बोटं वर, ३० ते ४५ अंशात सुई. रक्त उसळून आलं की बारीक वायर. ती अलगद सरकली पाहिजे. अडली तर ढकलायची नाही. सुईचं टोक थोडं फिरवून पुन्हा बघायचं.

मग ६ फ्रेंच मापाची शीथ, म्हणजे धमनीत बसवायची आखूड नळी. तिच्यातून जाणारं कॅथेटर, म्हणजे हृदयापर्यंतची लांब नळी, २ मिलिमीटर जाड, आणि ही धमनी आतून जेमतेम २ ते ३ मिलिमीटर. लहान चणीच्या बायकांमध्ये ती आणखी अरुंद. म्हणून शीथमधून लगेच नायट्रोग्लिसरीन २०० मायक्रोग्रॅम आणि व्हेरापॅमिल २.५ मिलिग्रॅम. बीपी आधीच खाली असेल तर हे टाळायचं. धमनी आखडली की कॅथेटर आतच धरून ठेवते. तेव्हा ओढाओढ केली तर ती आणखी आवळते, फाटूही शकते. वेदनाशामक द्यायचं, बीपी झेपत असेल तर पुन्हा नायट्रोग्लिसरीन, आणि थांबायचं.

(दृश्य: एक्स-रेचा पडदा. वायर दंडातून खांद्याकडे.)

वायर कोपर ओलांडून वर चालली आहे. काहींच्या कोपराजवळ धमनीचा पूर्ण वेढा असतो. म्हाताऱ्या, बीपीच्या पेशंटमध्ये खांद्यापाशी वळणं असतात. “मामा, मोठा श्वास घ्या, धरून ठेवा.” श्वास भरला की तिथली धमनी सरळ होते. बघा, वायर खाली उतरली.

पण सुरुवातीलाच तीन मिनिटांत शीथ बसली नाही, तर हट्ट करायचा नाही. जांघ तयार आहे.

(दृश्य: बलून फुगतो. रक्तवाहिनी उघडते.)

२०१२ साली इटलीत अशा १,००१ पेशंटवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. ३० दिवसांत हृदयाच्या कारणानं दगावलेले मनगटाच्या गटात ५.२ टक्के, जांघेच्या गटात ९.२ टक्के. २०२०च्या कॅनडातल्या अभ्यासात मृत्यूंमध्ये असा फरक दिसला नाही. तो वेळेआधी थांबवला होता, आणि तिथले डॉक्टर दोन्हीकडे सरावलेले होते. सराव असलेल्या हातांनी मनगटापासूनच सुरुवात करावी, असं युरोप आणि अमेरिकेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आमचंही मत तेच.

शॉकमध्ये, म्हणजे बीपी फार कोसळल्यावर, नाडीच लागत नसेल किंवा हृदयाला आधार देणारा बलून पंप बसवायचा असेल, तर जांघ. तिथेही कातडीच्या घडीवर विसंबायचं नाही. मांडीच्या हाडाचा गोल एक्स-रेत बघून किंवा सोनोग्राफीनं सुई घालायची. डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेली फिस्टुला असलेला हात सोडून द्यायचा. छातीच्या आतल्या धमनीची बायपास झालेली असेल तर बहुतेक वेळा डावं मनगट सोयीचं.

(दृश्य: मनगटावरचा पारदर्शक पट्टा.)

आता निष्काळजीपणा होतो तो इथे. रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, स्टेंट, बसला, सगळे सुटकेचा श्वास टाकतात, आणि मनगटावरचं भोक दाबून धरणारा पट्टा करकचून आवळला जातो. पट्ट्यात १३ ते १५ मिलिलिटर हवा भरून शीथ काढायची. मग हवा हळूहळू सोडायची, रक्ताचा थेंब दिसेपर्यंत. दिसला की १–२ मिलिलिटर परत भरायची. त्यानंतर करंगळीकडची धमनी दाबून अंगठ्यावर ऑक्सिमीटर लावायचा. पडद्यावर लाट उठतेय ना? म्हणजे पट्ट्याखालून रक्त वाहतं आहे. लाट सपाट असेल तर पट्टा जास्त घट्ट आहे. दोन तासांनी दर १५ मिनिटाला थोडी थोडी हवा कमी करायची.

मनगटातली धमनी बंद पडली तर पेशंटला बहुधा कळतही नाही, पण पुढच्या वेळी ही वाट मिळत नाही.

(दृश्य: डिस्चार्ज. नर्स समजावते आहे.)

“चार-पाच दिवस या हातानं धार काढायची नाही. मोळी, घागर उचलायची नाही. गाडीचा हँडल धरायचा नाही. रक्त आलं तर दोन बोटांनी घट्ट दाबा, हात वर धरा. दहा मिनिटांत थांबलं नाही, हात टणक सुजला किंवा बोटं बधिर झाली, तर दाबून धरूनच १०८ला फोन करा.”